माणसाकडे येणारा पाहुणा

नाशिकमध्ये शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवरून गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्यात दोन्ही बाजू एकाच चुकीच्या गृहीतकावर उभ्या आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की, मुंबई-पुण्याहून येणारा पर्यटक हाच या शहराचा उद्याचा आधार आहे. म्हणून त्याच्यासाठी रस्ते रुंद करावेत, हॉटेलांना परवाने द्यावेत आणि गंगापूर धरणाच्या काठावर त्याला रमवील असे काहीतरी उभे करावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, या गर्दीमुळे शनिवारी संध्याकाळी गंगापूर रोडवरून चालणे मुश्कील होते, शहराबाहेरच्या भाड्याच्या बंगल्यांत मध्यरात्रीपर्यंत गाणी वाजतात आणि नाशिककरांच्या वाट्याला कचरा तेवढा उरतो. पहिल्या बाजूला पाहुणा म्हणजे गिऱ्हाईक दिसते, दुसरीला सोसावा लागणारा भार. शुक्रवारी रात्री नाशिकरोडला उतरून, कॉलेजात बरोबर शिकलेल्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या घरी जाणारा, दोन दिवस बहुधा काहीही ‘न बघता’ तिथेच राहणारा आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परतणारा माणूस या दोन्ही चित्रांत कुठेच नाही. माझे म्हणणे असे की, शहराने पाहुण्यांचा विचार करताना सुरुवात याच माणसापासून केली पाहिजे. त्याला ज्या सोयी लागतात त्या इथे राहणाऱ्यांनाही लागतात, आणि त्याच्या वाटेत जे अडथळे येतात ते आपल्याही वाटेत रोजच येत असतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, ही तर खासगी बाब झाली. कोणी कोणाकडे राहायला जावे, यात महापालिकेचा किंवा रेल्वेचा संबंध काय? विश्रांतीबद्दल हाच प्रश्न महाराष्ट्रात पूर्वीही विचारला गेला आहे. मुंबईच्या गिरणीतल्या कामगाराने आठवड्यातून एक दिवस घरी राहावे की नाही, हा एकेकाळी मालक आणि मजूर यांच्यातला खासगी व्यवहार मानला जात होता. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी सभा घेतल्या, निवेदने दिली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली, तेव्हा कुठे विश्रांती ही हक्काची गोष्ट ठरली. राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेकांना आजही सुटीचा एकच दिवस मिळतो. सलग दोन दिवसांची सवड ही आपल्याकडे इतकी नवी आहे की, तिचे काय करायचे याचा विचार आपण अजून पुरता केलेला नाही. तो आपण बाजारावर सोपवला, आणि बाजाराने त्याचे उत्तर ‘पॅकेज’ असे दिले.

मित्राच्या घरचे दोन दिवस पॅकेजपेक्षा वेगळे का असतात, हे नीट पाहिले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा पाया तिथे आहे. पहिल्या रात्री बोलणे होते ते बातम्यांचे: नोकरी, मुलांच्या शाळा, कोण परदेशी गेले, कोणी घर घेतले. शनिवारी सकाळी मिसळ होते, दुपारी पंख्याखाली सतरंजी पडते, कोणी पेपर चाळतो, कोणाला डुलकी लागते, आणि दोन-चार तास कोणी कोणाशी फारसे बोलत नाही. दुसऱ्याच्या घरात गप्प बसूनही अवघडल्यासारखे न वाटणे, हीच खरी विश्रांती. आणि बहुतेक वेळा त्या दुपारीनंतरच, संध्याकाळी सोमेश्वरच्या बाजूला चालताना किंवा रविवारी सकाळी दुसऱ्या चहाच्या वेळी, मनातले बोलणे निघते: कर्जाचा हप्ता झेपत नाही, वडिलांचे विस्मरण वाढत चालले आहे, नोकरी टिकेल असे वाटत नाही. फोनवर हे निघत नाही, कारण फोन कामापुरता केलेला असतो. लग्नाच्या मांडवात तर त्याला जागाच नसते. असे बोलणे ओठांवर यायला मध्ये एक रात्र जावी लागते, आणि म्हणून मुक्काम महत्त्वाचा. नोकरीसाठी नाशिकची मुले पुण्या-मुंबईला जाऊन राहिली आहेत, बाहेरची माणसे इथे येऊन स्थायिक झाली आहेत. अशा काळात ज्याला मनातले सांगता येईल असा माणूस गल्लीत नसतो, दुसऱ्या शहरात असतो. त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट मोकळी राहणे ही सार्वजनिक आरोग्याइतकीच गंभीर बाब आहे, असे मी मानतो.

मुक्काम सुखाचा व्हायचा तर त्यामागे सार्वजनिक व्यवस्था असावी लागते, ही जाण नाशिकला नवी नाही. पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले शिलालेख आहेत. त्यांतल्या एका लेखात त्याच्या दानांची लांबलचक यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी बांधलेल्या चौसोपी धर्मशाळा, विहिरी, तळी आणि बागा त्या यादीत आहेत. तापी, दमणगंगा अशा नद्यांवर फुकट चालणाऱ्या नावा आहेत. नदीच्या दोन्ही काठांवर लोकांना बसायला-भेटायला जागा आणि पाणपोया आहेत. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा, आणि गोवर्धन म्हणजे गंगापूरजवळचे गोवर्धन असे अभ्यासक मानतात. मुंबईच्या उत्तरेचे एक बंदर आणि नाशिक, अशा दोन्ही ठिकाणी वाटसरूची सोय लावणारा हा लेख आपल्या शहराच्या डोक्यावर अठराशे वर्षांहून अधिक काळ कोरलेला आहे. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात ३,००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवल्याची नोंद आहे: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्कामी राहणाऱ्या, २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहावा: २,००० चे वर्षाचे व्याज २४०, आणि वीसजणांचे बारा-बारा मिळून नेमके तेवढेच होतात. येणाऱ्याच्या सोयीचा इतका चोख विचार ज्या गावाने पाहिला आहे, त्या गावात पाहुणचार म्हणजे केवळ मनाचा मोठेपणा, असे म्हणून कसे चालेल?

नद्यांवरच्या त्या फुकट होड्यांच्या जागी आज काय आहे? थळ घाटातून रेल्वे वर आली ती १८६५ मध्ये. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ पासून धावते आहे आणि मुंबईला नोकरी करून नाशिकला राहणाऱ्या कित्येकांचे आयुष्य तिने बांधून ठेवले आहे. शुक्रवारी संध्याकाळी निघून सोमवारी सकाळी परतणाऱ्यालाही तिच्याइतकी सोयीची गाडी दुसरी नाही. पण पुण्याचे काय? नाशिकच्या जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी पुण्यात असताना, नारायणगावच्या बाजूने थेट जाणारा लोहमार्ग अजूनही कागदावरच आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला त्याचा अडथळा होईल, ही हरकत खरी आहे आणि विज्ञानाच्या बाजूने मी ती मान्यही करतो. पण मार्ग वळवावा लागणे म्हणजे मार्ग नसणे नव्हे. तोवर दोनशे किलोमीटरहून लांबचा प्रवास चाकणच्या कोंडीतून बसने करायचा, आणि दोन दिवसांच्या सुटीतला एक दिवस रस्त्यावर घालवायचा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, त्याचा लाभ ज्याच्याकडे मोटार आहे त्याला झाला. नाशिकरोड स्थानक शहराच्या मध्यापासून आठ-दहा किलोमीटर दूर आहे. महापालिकेची सिटीलिंक बससेवा जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. रात्री गाडीतून उतरणाऱ्याला गंगापूर रोड, इंदिरानगर, पंचवटी या भागांची बस स्थानकाबाहेर उभी मिळावी, असे वेळापत्रक आखण्यासाठी नवा पूलही लागत नाही आणि नवा करही लागत नाही. बस नसेल तर रिक्षावाल्याशी घासाघीस करत किंवा मित्राला गाडी घेऊन बोलावत पाहुणा घरी पोचतो. एवढ्या दगदगीनंतर पुढच्या वेळी तो मोटारीनेच येईल, आणि मग आपण गंगापूर रोडवरच्या कोंडीबद्दल पुन्हा तक्रार करू.

पर्यटनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा पैशाचा आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. हे शहर शतकानुशतके येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जगले आहे. रामकुंडावरचे विधी, भांडी बाजार, सराफ बाजार, चिवडा, रिक्षा, लॉज यांच्यावर हजारो घरे चालतात. पंचवीस वर्षांपूर्वी इथे द्राक्षापासून वाइन करण्याचे कारखाने उभे राहू लागले, तेव्हा शेतकऱ्यालाही एक नवा गिऱ्हाईक मिळाला. मित्राकडे राहणारा माणूस खोलीचे भाडे देत नाही, मार्गदर्शक घेत नाही, तिकीट काढत नाही. मग त्याच्यासाठी शहराने खर्च का करावा? याचे एक साधे उत्तर असे की, तो भाजी, दूध, मिसळ, रिक्षा, परतताना न्यायचा चिवडा यांवर खर्च करतो, आणि तो पैसा मोठ्या रिसॉर्टकडे न जाता कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. पण याहून महत्त्वाचे उत्तर नाशिकच्या जुन्या यात्रेतच आहे. इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवाव्यात. गाव सांगितले, आडनाव सांगितले की उपाध्याय वही काढतात, आणि आजोबा कोणत्या साली आले होते, बरोबर कोण होते, सही कोणाची आहे, ते दाखवतात. यात्रेकरू नुसता क्षेत्राला येत नव्हता, तो ‘आपल्या’ उपाध्यायांकडे येत होता; अनेकदा त्यांच्याच वाड्यात उतरत होता, आणि म्हणून त्याचा मुलगा व नातू पुन्हा येत राहिले. ज्याने एकदा धबधबा पाहिला, एकदा द्राक्षमळ्यात छायाचित्र काढून घेतले, त्याला नाशिकला परत येण्याचे कारण उरत नाही. ज्याचे माणूस इथे आहे तो भर उन्हाळ्यातही येतो, आणि सिंहस्थ नसतानाही येतो. नाशिकची अर्थव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या घरावर उभी होती, हे तिच्या आजच्या कैवाऱ्यांनी विसरू नये.

इथेच दुसरा आक्षेप येतो, आणि माझ्या मते तो सगळ्यांत गंभीर आहे. ज्या जुन्या पाहुणचाराचे आपण गुणगान करतो, तो सर्वांसाठी कधीच नव्हता. वाड्यात कोण उतरणार, ओसरीवर कोण थांबणार आणि वेशीबाहेर कोण राहणार, हे जातीवरून ठरत होते. याच शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षे चालला आणि दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला, ‘मी हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा झाली, तिच्यामागे नाशिकचा तो अनुभव होता. म्हणून कोणी म्हणाले की, आम्हाला तुमचा घरगुती पाहुणचार नको, पैसे मोजून खोली देणारे आणि जात न विचारणारे हॉटेल बरे, तर त्या म्हणण्यात पिढ्यांचा अपमान आणि त्यातून आलेले शहाणपण आहे. मी ते पूर्णपणे मान्य करतो. खोली भाड्याने घेण्याच्या स्वातंत्र्याने या समाजात मोठे काम केले आहे आणि ते स्वातंत्र्य कमी व्हावे असे मला मुळीच वाटत नाही.

तरीही हॉटेल एका मर्यादेपुढे जाऊ शकत नाही. शेजारच्या टेबलावर कोण जेवते याची पर्वा न करणारा माणूस आपल्या स्वयंपाकघराबद्दल वर्षानुवर्षे तोच हट्ट धरून बसू शकतो. वसतिगृहात, कारखान्याच्या पाळीत, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत झालेली मैत्री जेव्हा घरी मुक्कामाला येते, आईने वाढलेल्या ताटावर बसते, आजीच्या शेजारच्या खोलीत झोपते, तेव्हा जे बदलते ते हॉटेलात कधीही बदलत नाही. जुना पाहुणचार नात्यावर आणि जातीवर उभा होता. मैत्रीतला मुक्काम नेमका ती भिंत ओलांडतो. म्हणून तो जपायचा. आणि म्हणूनच आज सोसायट्यांच्या फाटकांवर जे चालले आहे त्याची मला काळजी वाटते, कारण आडनाव पाहून माणूस आत घेण्याची सवय तिथून परत येते आहे.

त्याआधी आणखी एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे, कारण तो पुरुष लेखकांच्या लक्षात सहसा येत नाही. दोन दिवसांची ही निवांत सुटी नेमकी कोणाची? पाहुणा येतो तेव्हा यजमानीण शनिवारी सकाळी सहाला उठते, पोह्यांची कढई उतरते न उतरते तोच दुपारच्या पोळ्यांची कणीक भिजवायला घेते, आणि बैठकीच्या खोलीतल्या ज्या निवांत दुपारीचे वर्णन मी वर केले, त्या वेळी ती ओट्याशी उभी असते. तिची हक्काची सुटी या पाहुणचारात खर्ची पडते. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. पण त्यावरचा उपाय पाहुण्यांना हॉटेलात पाठवणे हा नाही. मित्र म्हणून आलेल्याने भाजी चिरावी, भांडी घासावीत, एक वेळचा स्वयंपाक करावा. जो हे करत नाही तो मित्र म्हणून आलेला नाही. आणि दुसरे, कोणाचे मित्र येतात हेही विचारायला हवे. लग्न, बाळंतपण, आजारपण किंवा दहावा यांपैकी काहीही कारण नसताना, केवळ मैत्रिणीकडे दोन दिवस राहावेसे वाटले म्हणून आपल्या घरातली बाई दुसऱ्या शहरात गेली, असे किती घरांत घडते? तिला माहेर असते. मैत्रीण असली तरी मैत्रिणीचे घर नसते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाले, तेव्हा फुकटेगिरी म्हणून त्यावर बरीच टीका झाली. ज्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा नसतो तिच्यासाठी ठक्कर बाजार बस स्थानकातून पुण्याचे निम्मे तिकीट म्हणजे काय असते, याचा विचार त्या टीकेत नव्हता. जाण्याचे कारण सांगावे न लागता जाता येणे हे स्वातंत्र्य आहे, आणि त्याची किंमत सरकारने उचलली यात काहीही वावगे नाही.

आता फाटकाकडे वळतो. नव्या वस्तीतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी एक जाड वही असते. नाव, फ्लॅटचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, आल्याची वेळ, मोबाइल, सही. इथवर ठीक आहे. चोऱ्या होतात, म्हाताऱ्या माणसांना फसवले जाते, आणि रखवालदाराने विचारपूस करणे हे त्याचे कामच आहे. पण काही ठिकाणी त्या वहीत ‘मुक्काम किती दिवस’ असा रकाना आला आहे. भाडेकरूंच्या पाहुण्यांना रात्री राहू देऊ नये, अविवाहितांकडे भिन्नलिंगी पाहुणा नको, पाहुण्याची गाडी शनिवार-रविवारी आत नको, असे नियम सूचनाफलकावर लावले जातात. यांच्या समर्थनार्थ रिकामे फ्लॅट पार्ट्यांसाठी दिवसाच्या भाड्याने देणाऱ्यांचे उदाहरण पुढे केले जाते. तो त्रास खरा आहे. पण पैसे घेऊन खोली देणे आणि घरात राहणाऱ्याने स्वतः हजर राहून आपल्या माणसाला ठेवून घेणे यांतला फरक ओळखणे इतके अवघड आहे का? पहिल्याला बंदी घाला, दंड करा. दुसऱ्याशी सोसायटीचा संबंध नोंदीपुरताच असला पाहिजे. भाडेकरू दरमहा भाडे देतो ते चार भिंतींत झोपण्याचे नव्हे, तिथे संसार करण्याचे देतो, आणि घरी माणसे येणे हा संसाराचाच भाग आहे. घर मालकीचे असो वा भाड्याचे, ‘या, राहा’ म्हणण्याचा अधिकार ज्याला नाही तो त्या घरात पुरता राहतच नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल आणि घाट यांची कामे निघाली आहेत आणि तो खर्च अटळ आहे. तपोवनातली झाडे साधुग्रामासाठी तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले, त्या आंदोलनाचा अर्थ मात्र नियोजनकर्त्यांनी नीट लावावा. ज्या सावलीत आपण रोज फिरतो आणि घरी आलेल्याला हमखास घेऊन जातो, ती सावली काही महिन्यांच्या गर्दीसाठी देऊन टाकायची का, असा तो प्रश्न होता. पर्वणीचे दिवस संपल्यावर शेकडो साधे शनिवार येणार आहेत. त्या शनिवारी गोदाकाठी सलग चालता येईल का, बसायला बाक आणि प्यायला पाणी असेल का, रात्रीच्या गाडीला जोडून बस असेल का, हे याच निधीतून आणि याच आराखड्यात ठरायला हवे.

सोसायट्यांच्या बाबतीत तर सरकारची वाट पाहण्याचीही गरज नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते आणि विषयपत्रिकेवर विषय मांडण्याचा अधिकार सदस्याला असतो. मुक्कामाच्या दिवसांवरची मर्यादा काढावी, भाडेकरू आणि मालक यांच्या पाहुण्यांना एकच नियम असावा, आणि वाहनतळातल्या दोन जागा शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात, असा ठराव सदस्यांनी लेखी द्यावा. भाडेकरूला त्या सभेत मत नसते, म्हणून हे काम मालकांनाच करावे लागेल.